घोडा झालास तरी!

यंदाच्या गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेत, होम मैदानावर माझा तेहेतीस वर्षांचा भाचा मोठ्या पाळण्यात बसायला तयार नव्हता. सहा वर्षांची लेक त्याचा हात ओढत होती, बायको आधीच वर जाऊन बसली होती आणि पाळणेवाला खोळंबला होता. भाचा हसत म्हणाला, "आत्या, आय अॅम टू ओल्ड फॉर धिस." त्याचा शाळेतला मित्र शेजारीच होता. "काय बे, पुण्याला जाऊन म्हातारा झालास की!" सगळे हसले. लेकीला घेऊन मी बसले, छप्पन्नाव्या वर्षी, पोटात गोळा आला तरी बसले. भाचा खाली उभा राहून फोटो काढत होता.

रात्री भाकरी वाढताना मी त्याला पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "गरगरतं गं. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, कानाचं दुखणं आहे."

"मग तसं सांगायचं की."

"मित्रासमोर?"

तेव्हापासून ‘टू ओल्ड फॉर धिस’ हे वाक्य माझ्या डोक्यात घोळतंय. आता ते जिकडेतिकडे ऐकू येतं. सव्वीस वर्षांची मुलगी रात्री अकरानंतर जागायचं म्हटलं की ते म्हणते. चाळिशीतला मास्तर नवीन ॲप शिकायची वेळ आली की म्हणतो. लोक ते विनोदाने म्हणतात, त्यामुळे कुणी त्याच्या मागे लागत नाही.

इंग्रजीविरुद्ध गाऱ्हाणं मला मांडायचं नाही. सोलापुरात राहून भाषेच्या सोवळ्याचा आग्रह धरणं म्हणजे विडी ओढत तंबाखूवर प्रवचन देण्यासारखं. आमच्या गल्लीत एकाच वाक्यात मराठी क्रियापद, कन्नड हेल, तेलुगू हाक आणि दखनी टोमणा सुखाने नांदतात. पेन्शन, रिटायर, ड्यूटी हे शब्द तर आमच्या आजीचेही होते. माझं भांडण शब्दांशी नाही. या वाक्याच्या आड जे लपवता येतं, त्याच्याशी आहे.

‘मी या गोष्टीसाठी फार म्हातारा आहे’ असं कुणी मराठी माणूस म्हणतो का? व्याकरणात चूक नाही, पण तोंडात बसत नाही. कारण मराठीत हे सांगायला गेलं की भाषाच अडवते आणि विचारते, नेमकं काय होतंय? अंगाला सोसत नसेल तर आपण म्हणतो झेपत नाही, पेलत नाही. लोक हसतील अशी धास्ती असेल तर शोभत नाही. मन उडालं असेल तर नको वाटतं, जीव रमत नाही. आणि सरकारी कागद आडवा आला तर वयात बसत नाही. पहिल्याचा निवाडा शरीर करतं, दुसऱ्याचा शेजारपाजार, तिसऱ्याचा आपण स्वतः आणि चौथ्याचा खिडकीमागचा कारकून. ‘टू ओल्ड’ हे सगळं एकाच पोत्यात कोंबतं आणि वर वयाची चिठ्ठी लावतं. वयाशी कोण भांडणार? म्हणणारा सुटतो आणि ऐकणाऱ्याचं तोंड बंद होतं.

भाच्याचं दुखणं पहिल्या जातीचं होतं. त्याला झेपत नव्हतं. पण ‘झेपत नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, काय झालं रे? त्याला तो प्रश्नच नको होता.

वयावर बोलायचं म्हटलं की इंग्रजीला घोडा आठवतो. वय उलटलेल्या माणसाला ते ‘लाँग इन द टूथ’ म्हणतात, म्हणजे लांब दातांचा. घोडा वयात वाढला की पुढचे दात लांब आणि पुढे झुकलेले दिसू लागतात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास एक खाच दिसू लागते आणि विसाव्या वर्षापर्यंत ती दाताच्या टोकापर्यंत उतरते. घोडा घेणारा त्याचं तोंड उघडून हे बघतो. आमच्याकडे बघायचा तो बैल. सांगोल्याच्या बाजारात खिल्लार जनावराच्या तोंडात हात घालणारी माणसं मी लहानपणी मामाबरोबर पाहिली आहेत. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खाली आठ असतात. दुधाचे पडून जोडीजोडीने कायमचे येतात. त्यावरून आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळला. वयाची चार-पाच वर्षं होईपर्यंत हा हिशेब चालतो, पुढे झिजेवरून अंदाज.

पण मला आठवतं ते त्यानंतरचं. दात बघून झाले की मामा बैलाला चालवून बघायचा. मागे जाऊन पायांची फेक बघायचा, खांद्यावर हात फिरवायचा, शेपटीला हात लावून बुजतो का ते बघायचा. मग उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा. नुसते दात बघून सौदा करणाऱ्याला बाजारात येडा म्हणत. माणसांच्या बाजारात मात्र दातांवरच सौदा तुटतो, चालवून बघायची तसदी कुणी घेत नाही.

आता मराठीचीही झाडाझडती घेतली पाहिजे, नाहीतर हा लेख मायबोलीच्या आरतीत संपायचा. घोडा आमच्याही भाषेत आहे आणि तो काही गरीब जनावर नाही. ‘एवढा घोडा झालास तरी’ हे वाक्य न ऐकता मोठा झालेला मुलगा मला दाखवा. घोडा झालास तरी आईच्या हातून जेवतोस, घोडा झालास तरी रडतोस. वाढत्या वयाने एखादी गोष्ट करायचा हक्क जातो, हे सांगणारं अस्सल मराठी वाक्य तेच. मुलींच्या वाट्याला ते आणखी लवकर येतं. मी दहा वर्षांची असताना लिंबाच्या झाडावर चढले होते. खालून काकू ओरडली, "घोडी झालीस, उतर!" दहाव्या वर्षी मी झाडासाठी म्हातारी झाले. सत्ताविसाव्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा मांडवात कुणीतरी कुजबुजलं, ‘घोडनवरी’. माझ्या नवऱ्याचं वय बत्तीस होतं. घोडनवरा हाही शब्द आहे, पण त्या मांडवात तो कुणाच्या तोंडून निघाला नाही.

इंग्रजांचंही तसंच. ‘लाँग इन द टूथ’ हे माणसाला लावलेलं वाचायला मिळतं ते थॅकरेच्या १८५२ सालच्या कादंबरीत, आणि तिथे ज्या व्यक्तीचे दात लांब म्हटले आहेत ती बाई आहे. कृश, पिवळी पडलेली आणि रंगरंगोटीनेही न सुधारणारी. थॅकरेचा जन्म कलकत्त्याचा, हा आपला एक चिमूटभर संबंध. घोडा दोघांकडचा असला तरी तोंड आधी बाईचं उघडून बघितलं जातं.

म्हणून ‘शोभत नाही’ या शब्दाची मला चीड आहे. ‘शिंगं मोडून वासरात शिरणं’ ही म्हणही त्याच घरची. पन्नाशीतल्या बाईने पंजाबी ड्रेस घातला की शिंगं, गरब्याला गेली की शिंगं. पण चिडून का होईना, एक गोष्ट मान्य करते. ‘शोभत नाही’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं. "कुणाला शोभत नाही? तुला का मला?" असं मी कितीतरी वेळा विचारलं आहे आणि समोरचा माणूस गडबडला आहे. ‘टू ओल्ड’ला असं विचारता येत नाही. ते कुणाचं मत आहे हेच कळत नाही. जणू पंचांगात लिहिलेलं आहे.

माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका या मुद्द्यावर माझ्याशी भांडल्या. स्नेहसंमेलनात सगळ्या बायकांनी नाचायचं ठरलं, यांना नाचायचं नव्हतं. "नको म्हटलं असतं तर आठ दिवस गळ घातली असती," त्या म्हणाल्या. "आय अॅम टू ओल्ड म्हटलं, हसल्या आणि सोडून दिलं." खरं आहे. बाईच्या ‘नको’ला आपल्याकडे फारशी किंमत नाही, म्हणून तिला इंग्रजीचा आडोसा घ्यावा लागतो. पण बाईंचं वय पंचेचाळीस आहे. नुसतं ‘नको’ म्हणण्यासाठी त्यांना वीस वर्षं उसनी आणावी लागली.

घराघरांतल्या हसण्याखिदळण्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. हे वाक्य आता ऑफिसातल्या खुर्चीत जाऊन बसलं आहे.

तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. छापखाना बंद झाला तेव्हा वाटलं, संगणकावर पानं लावायला शिकावं, घरबसल्या काम मिळेल. एका खासगी क्लासमध्ये गेले. टेबलामागचा मुलगा अतिशय नम्र होता. "मॅडम, यू आर टू ओल्ड फॉर धिस बॅच." मी अर्ज उलटसुलट बघितला, वयाची अट कुठेच नव्हती. म्हणजे ‘वयात बसत नाही’ हे कारण नव्हतं. मला झेपतं का, हे त्याने बघितलं नव्हतं. नको तर मला मुळीच वाटत नव्हतं, पैसे घेऊन आले होते. खोदून विचारल्यावर म्हणाला, "सगळी कॉलेजची मुलं असतात, तुम्हालाच ऑकवर्ड होईल." आलं ना शेवटी! ‘शोभत नाही’च होतं, तेही माझ्या वतीने त्यानेच ठरवलेलं. (त्याच्या दारावरच्या फलकावर ‘प्रवेश सुरु’ असं ऱ्हस्व लिहिलं होतं. मी काही बोलले नाही. अजून पश्चात्ताप होतो.)

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचा. दुकानात मदतनीस पाहिजे, वय तिसाच्या आत. रिसेप्शनसाठी मुलगी, पंचविशीच्या आत. डेटा एन्ट्री, पस्तिशीच्या आत. डेटा भरायला पस्तिशी कशाला आड येते, हे त्यात कुठे सांगितलेलं नसतं आणि सांगायची गरजही नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या आणि सोळाव्या अनुच्छेदांत ज्या आधारांवर भेदभाव करता येत नाही त्यांची नावं आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आणि नोकरीच्या बाबतीत आणखी कूळ व निवास. वय त्यात नाही. खासगी मालकाला तर विचारणारंच कुणी नाही. ज्यांची ही भाषा आहे त्या अमेरिकेत मात्र चाळिशी ओलांडलेल्याला केवळ वयावरून नोकरी नाकारू नये असा कायदा १९६७ पासून आहे आणि ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वयही आहे. तिकडेही कायद्याला बगल देतात, तो भाग निराळा. पण जाहिरातीत उघड लिहायची सोय नाही. आपण वाक्य आणलं, कायदा तिकडेच राहिला.

सरकारी वयाचा विचार करू लागलं की हसू येतं. राज्याच्या स्पर्धा परीक्षेला खुल्या गटाची मर्यादा तेहेतीस होती, २०१६ मध्ये ती अडतीस झाली. एका आदेशाने हजारो मुलं पाच वर्षांनी तरुण झाली. सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला कारकून ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, त्याच कार्यालयातला शिपाई ६० व्या. रेल्वेच्या विभागीय कार्यालयातला बाबूही ६० ला. एसटीचं तिकीट ६५ ला अर्धं होतं आणि ७५ ला माफ. हे आकडे लागतातच, कुठेतरी रेघ मारावी लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. निदान ती रेघ छापलेली तरी असते, तिच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो, मुलांनी काढलेही. छापलेली नसते ती रेघ माणसाला बाहेर ठेवते आणि वर दुखवल्यासारखंही वाटू देत नाही.

माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. भोंगा कायमचा थांबला तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे. धागा तुटला की नुसत्या आवाजावरून कुठला माग अडलाय हे सांगणारा माणूस. पूर्व भागातल्या यंत्रमागांवर काम शोधायला गेले. मालक ओळखीचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, "मामा, आता वय झालं तुमचं." एकानेही मागासमोर उभं करून पाहिलं नाही. शेवटी कुठे लागले? एका इमारतीवर वॉचमन. या गावात, या देशातच म्हणा, रात्रभर जागून चोराशी चार हात करायच्या कामाला मात्र वय आड येत नाही. तिथे म्हातारा चालतो, कारण तो स्वस्तात मिळतो. वडील त्या खुर्चीत सतरा वर्षं बसले.

आणि याची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. ‘आता मला हे होत नाही’ असं म्हणण्याचा अधिकार ज्यांना खरोखर हवा, त्यांना तो नाही. आमच्या शहरात हजारो बायका विड्या वळतात. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत जा, दारादारांत सूप मांडीवर घेऊन बसलेल्या अम्मा दिसतील. तिथे कुणी जन्मदाखला मागत नाही. हजार विड्यांवर मजुरी, छाट, म्हणजे नापास विड्या, निघेल ती वजा. बोटं मंदावली की आकडा आपोआप उतरतो, हजाराचे सातशे, सातशेचे पाचशे. एका अर्थी हा सगळ्यात सरळ हिशेब, कामावरून माणूस जोखणारा. म्हणून मी त्याचं कौतुक करायला निघाले होते. पण अडुसष्ट वर्षांची एक अम्मा मला म्हणाली, "कंबर राहत नाही ताई, पण बसावं लागतं." कर्मचारी पेन्शन योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. त्यात ती सूप खाली ठेवू शकत नाही. तेहेतीस वर्षांचा माझा भाचा जे वाक्य पाळण्याखाली उभा राहून हसत म्हणतो, ते म्हणायची तिची ऐपत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की वयाची अट घालणाऱ्याने क्रियापद सांगावं. झेपणार नाही म्हणता? मग करवून बघा. शोभत नाही म्हणता? मग ते तुमचं मत आहे, कबूल करा. नियम आहे म्हणता? दाखवा. आणि स्वतःबद्दल बोलतानाही तीच सवय बरी. ‘नको’ हा शब्द दोन अक्षरी आहे, पाठ व्हायला वेळ लागत नाही.

साठी बुद्धी नाठी, असं आपण म्हणतो. ही म्हण कानडीतही आहे, ‘अरवत्तक्के अरळु-मरळु’, साठीला मती फिरते. द. रा. बेंद्रे १८९६ साली धारवाडला जन्मले, घरची भाषा मराठी, कविता कानडीतली. १९४४ ते १९५६ ही बारा वर्षं ते इथे डी. ए. व्ही. महाविद्यालयात, म्हणजे आजच्या दयानंदमध्ये, कानडी शिकवत होते. सोलापूर सुटलं तेव्हा साठी गाठली होती. त्या सुमाराच्या आपल्या कवितासंग्रहाला त्यांनी नाव काय द्यावं? ‘अरळु मरळु’! लोकांनी म्हणायच्या आत स्वतःच म्हणून टाकलं. पण कानडीत अरळु म्हणजे उमलणं आणि मरळु म्हणजे परतणं, त्यामुळे तेच दोन शब्द जरा वेगळ्या कानाने ऐकले की ‘पुन्हा उमलणं’ असंही कानावर पडतं. त्याच संग्रहाला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्ञानपीठ १९७३ चं, तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे. आमच्या गावात बारा वर्षं राहिलेल्या माणसाची ही थट्टा आमच्या गावातल्या किती मराठी लोकांना ठाऊक आहे, कोण जाणे. मला स्वतःला ती पन्नाशीनंतर कळली, एका कानडी शेजारणीकडून, पापड लाटताना.

शेवटी गड्ड्याकडेच येते. संक्रांतीच्या आधी काही दिवस सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांचा सराव सुरू होतो. सात काठ्या, उंच आणि अवजड, कमरेच्या पट्ट्यात रोवून एकट्याने तोलायच्या. भोगीला अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, पांढरी बाराबंदी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. आमच्या बोळातले एक काका तरुणपणापासून काठी धरायचे. वय त्यांना नक्की ठाऊक नव्हतं, घरात तीन वेगवेगळी सालं सांगत. एका वर्षी सरावात काठी उचलली, दोन पावलं टाकली, डोलली, पोरांनी सावरली. काका घाम पुसत बाजूला झाले. कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "ह्या वर्षी पेलंना."

त्या भोगीला ते काठीच्या बाजूने चालले, धरणाऱ्या पोराच्या पावलाकडे बघत, मधूनच दबक्या आवाजात "सावकाश बे" म्हणत. पुढल्या वर्षी सराव सुरू झाला, तर पहिल्याच संध्याकाळी काका पट्टा बांधून हजर.